शेपटीच्या पट्ट्याला तेल

“यंत्र कुठलंही असो, सूनबाई, रोज दोन थेंब तेल चुकवू नकोस.” दुरुस्तीच्या दुकानात बाकावर बसलेल्या काकूंना सासूबाईंचा आवाज आठवला. समोर काका आणि कारागीर रिमोटच्या हेलिकॉप्टरवर ओणवे झाले होते.

“उडालं की भोवऱ्यासारखं गरगरतं हो!”

“शेपटीचा पट्टा घसरतोय, काका. तेलाने निथळतोय. याला तेल चालत नाही.”

“मी नाही घातलं!”

“कोणीतरी रोज मनोभावे घालतंय.”

“शेजारीच असणार! रविवारच्या स्पर्धेत त्याचंही आहे ना. ज्याने घातलं, त्याच्याशी जन्माचा अबोला!”

“जन्माचा?”

“जन्माचा म्हणजे जन्माचाच!”

आपल्यापायी दुसऱ्यावर आळ येऊ देणार नाही, असा शब्द काकू रोज सकाळी पूजेत देवाला देत. पिशवीतली तेलाची कुपी मुठीत धरून त्या हळूच काउंटरकडे निघाल्या.