चिंचेनं घासलेला तांब्या

नाव सुभद्राबाई हिलाल पाटील, वय ६८, धंदा घरकाम व घरी साड्यांचे धागे कापणे, शिक्षण दुसरी, रा. डिंडोली, सुरत. मूळ गाव अमळनेर तालुक्यात.

आज दि. ६ फेब्रुवारी २०२५ रोजी पोलीस चौकीत स्वतः हजर राहून सांगते की, हर्षदा ही माझी नात. ती टॅबवर चित्रं काढते. मागच्या महिन्यात तिने ओट्यावर माझा पितळी तांब्या, दोन वांगी आणि लसणाची माळ मांडली. कुणी हलवायचं नाही म्हणाली. तांब्या काळा पडलेला होता. लोक बघतील तर काय म्हणतील, म्हणून मी तो चिंचेने लख्ख घासला. दुपारी हर्षदा ओरडली, "आजी, हाई काय करं व तू! मला काळाच पाहिजे होता." जेवली नाही. मग तिने तांब्या पुन्हा काढला, चकचकीत. त्याला आठ दिवस लागले.

ते चित्र छापायला तिने ललितभाईच्या छपाईच्या दुकानात दिलं. परवा डिंडोलीतल्या एका हॉलमधल्या चित्रांच्या प्रदर्शनात तेच चित्र दिसलं, खाली नाव ललितभाईचं. प्रदर्शन रविवारी संपतं. हर्षदाचा टॅब बंद पडलाय, त्यामुळे तिच्याकडे दाखवायला काही नाही. पोर दोन दिवस रडतेय. मला मात्र आतून आनंद झाला, की चोरावंसं वाटण्याइतकं चांगलं काढलं. (हे लिहू नका म्हटलं, जमादारांनी लिहिलं.)

चौकीत बोलावलेला ललितभाई म्हणाला, "माँजी, ये सब कंप्यूटर बनाता है. इसमें असली-नकली क्या?"

मी म्हटलं, "कंप्यूटरला तांब्या कुणी घासून दिला?"

तो म्हणाला, तांब्या त्याच्या दुकानातला. मग मी जमादारांना मोबाइलवर चित्र मोठं करायला लावलं. तांब्याच्या चकचकीत पोटात एका बुटक्या बाईचं प्रतिबिंब दिसतं, हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, हातात लाटणं, एक हात वांग्याकडे. भरीत करायला मी वांगं उचलत होते तेव्हाचं. जमादारांनी विचारलं, ही कोण? ललितभाई म्हणाला, "कोई मॉडेल." मी डोक्यावर पदर घेतला आणि चित्रातल्यासारखाच हात पुढे करून उभी राहिले. जमादार हसले. ललितभाईने हात जोडले, म्हणाला, "गलती हो गई, माँजी."

जमादारांनी चोरीच्या मालाची किंमत विचारली. ती मला सांगता येत नाही. असं चित्र हजार मोबाइलवर जातं, म्हणून ते फुकट, असं ललितभाई म्हणतो. मग स्वतःचं नाव कशाला घातलं? त्याला कोंडू नका, त्याची लेकरं लहान आहेत. उद्या सकाळी माझ्यासमोर चित्राखालची नावाची पाटी बदलावी, एवढंच. हर्षदाला सोबत आणेन. तिचं नाव ती स्वतः चिकटवेल.

वरचं सगळं मला मराठीत हळू वाचून दाखवलं. मी सांगितलं तसंच आहे. अंगठा नको, मला सही येते.

सुभद्राबाई हिलाल पाटील