जोड्यात लक्ष्मी

जयनगरचे आपले दत्तूअण्णा किती हट्टी, ते मला विचारा. एकोणीसशे साठच्या सुमारास कारखान्यानं आम्हा चौघांना हॉलंडला ट्रेनिंगला धाडलं होतं. सुट्टीत बोट भाड्यानं घेऊन कालव्यातून गावोगाव फिरत होतो. एका पुलावरच्या माणसानं गळाला बांधलेला लाकडी जोडा खाली सोडला. पूल उघडायचे पैसे त्यात टाकायची तिथली पद्धत. अण्णांनी नाणं कपाळाला लावलं, कालव्यात सोडलं आणि हात जोडले.

पूलवाला ओरडायला लागला.

मी म्हटलं, "अण्णा, दुसरं नाणं जोड्यात टाका!"

"लक्ष्मी जोड्यात? सरी, बरं तर, मग इथंच राहू!"

मागे बोटींचे भोंगे वाजायला लागले. अण्णा ढिम्म. फक्त एकदा जोड्याकडे बोट दाखवून त्यांनी कान पकडले.

शेवटी पूलवाल्यानं गळ वर ओढून जोडा काढला आणि गळाला स्वतःच्या डोक्यावरची टोपी अडकवली.