सुताचा बाजार आणि माझी नोकरी

शिकलेलं कुठे उपयोगी पडत नाही म्हणता ना? माझं पडलं, ऐका.

एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला सिल्वासात आमच्या अर्थशास्त्र विभागाने चर्चासत्र ठेवलं. मला विषय मिळाला जागतिक बाजाराचा कल आणि आपलं सूत. पाहुणे म्हणून सायलीतल्या एका सूतगिरणीचे शेठ आले होते. त्यांचं नवं युनिट उभं राहणार होतं आणि तिथे बाजाराचा अभ्यास करायला मला घ्यायचं त्यांनी आमच्या सरांजवळ कबूल केलं होतं. पप्पांनी तर धुळ्याला आत्याला फोन करून सांगूनही टाकलं होतं.

मी जीव तोडून बोलले. परदेशातली मागणी कशी घटतेय, जहाजाचं भाडं कसं वाढतंय, अशा दिवसांत कुणी पसारा का वाढवू नये, सगळं आलेख दाखवून मांडलं. शेठ खुर्चीत पुढे सरकून ऐकत होते. संपल्यावर ते उभे राहिले.

"बेटा, माझा सीए केव्हापासून हेच समजावतो, पण मगजमां उतरत नव्हतं. तू बरोबर समजावलंस. नवं युनिट आता कॅन्सल."

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. अर्थ जिना उतरताना लक्षात आला.

घरी पप्पा वाटच बघत होते. "शेठना आवडलं का?"

"खूप आवडलं."

"मग कामावर कधीपासून जायचं?"

मी म्हटलं, "पप्पा, जगाची परिस्थिती सुधारली की लगेच."