उशाखालच्या चपला

पहिल्यांदा खटकल्या त्या चपला. परभणीला आमच्या मेडिकल कॉलेजात त्या दिवशी सरांनी लेक्चर घेतलंच नाही. पेशंटची माहिती लिहिलेला कागद हातात दिला आणि म्हणाले, "रोग तुम्हीच शोधा. मी काही सांगणार नाही. ही नवीन पद्धत आहे."

कागदावर होतं: "वय बावन्न, पूर्णेला रेल्वेत नोकरी, शुगर आहे. चपला उशाखाली ठेवून झोपतो."

अगं, चपला उशाखाली माझा मामा ठेवतो!

दुसरा कागद आला. "रेनकोटच्या खिशात गूळ लपवतो." गूळही मामा तिथंच लपवतो!

"सर, हा माणूस खरा आहे का?"

"छान प्रश्न," म्हणत सरांनी तो फळ्यावर लिहिला. "शोधा."

तिसरा कागद: "पेशंट बेशुद्ध पडला आहे."

"आधी शुगर तपासू," शेजारची रेश्मा म्हणाली.

"आधी मामाला फोन!" मी म्हणाले.

एकदा लावला, दोनदा, तीनदा. उचलेचना कुणी. मी रडायलाच लागले, तर सर बाकीच्यांना म्हणतात, "बघा, पेशंटसाठी किती जीव तुटतो हिचा! लेक्चरमध्ये असं कधी झालं होतं?"

चौथ्यांदा लावत कोपऱ्याकडे गेले, तर वर्गातल्याच हिरव्या पडद्यामागं सायलेंटवरच्या फोनची घुर्रघुर्र ऐकू आली. फोन उचलला गेला आणि मामाचा दबका आवाज आला,

"सारखा फोन कायला करायलीस, माय? मी बेशुद्ध हाय. तुमी रोग सांगितल्याबिगर सर उठू द्यायले न्हाईत!"