छतावरची कडी

मेजर : ...आणि हा चिखल कुठला आणलास?

लुबोश : आमच्याच कुंडीतला, मेजरसाहेब. मार्केताच्या जिरॅनियमखालचा. चहाच्या गाळणीतून दोनदा गाळलाय. गाळणी आता चहाच्या कामाची राहिली नाही, त्यावरून सकाळी घरात छोटीशी लढाई झाली. मी माघार घेतली.

मेजर : पिवळट आहे. सरावाच्या मैदानावरचा काळा होता. ओला असताना निळसर, वाळल्यावर राखाडी. आणि चाकांच्या बाहेर नाही, आतल्या बाजूला जास्त. आठही चाकांच्या.

लुबोश : लिहून घेतलं. पुढे?

मेजर : डाव्या अंगाची हत्यारांची पेटी काढून टाक.

लुबोश : मॉडेलच्या किटमध्ये दिलीय हो.

मेजर : किटमध्ये असेल. आमच्या गाड्यांवर निम्म्यांना नव्हती. एक तर बर्चच्या झाडाला घासून गेली. मी कागदावर 'झिजली' असं लिहिलं.

लुबोश : पेटी झिजली?

मेजर : सैन्यात सगळं झिजतं. भिंग दे.

लुबोश : घ्या. पण साहेब, जरा दयेनं बघा. मी पस्तीस वर्षं टपाल वाटलं, तोफा नाही. तीन महिने या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी ही छोटी तोफगाडी जोडत बसलोय. मार्केता बशा मांडीवर घेऊन जेवते. परवा रविवारी ही गाडी बराकीच्या हॉलमधल्या प्रदर्शनात ठेवायची आहे, आणि तुमच्या 'हो'शिवाय तिथे काडेपेटीसुद्धा ठेवता येत नाही.

मेजर : नियम सोपा आहे. जिच्यात चूक आहे ती गाडी टेबलावर येत नाही.

लुबोश : गेल्या वर्षी त्या दंतवैद्याची परत पाठवलीत. चार रिव्हेटसाठी. माणूस रडायचा बाकी होता.

मेजर : पाच.

लुबोश : पाच. त्यानंतर मी दाढ काढायला गेलो, तर त्यानं सगळा राग माझ्यावर काढला. बिचारा एवढंच म्हणाला होता, 'चालेल की'.

मेजर : तेच म्हणायचं नव्हतं.

लुबोश : माहीत आहे. क्लबात पाटीच लावलीय तुम्ही. जो 'चालेल' म्हणेल त्यानं सगळ्यांना बिअर पाजायची. वीस वर्षांत तुम्ही सोडून सगळ्यांनी पाजली. मी तर तीनदा.

मेजर : पाटी बरोबर आहे. बुरुजावर नंबर का नाही?

लुबोश : इथे बशीत भिजतोय. पाण्यातून काढला की चिकटवतो. तीनशे सोळा.

मेजर : काय म्हणालास?

लुबोश : तीन, एक, सहा. तुमच्याच तुकडीतली गाडी ना? म्हणून तर म्हटलं, तुमच्याइतकी हिला कोण ओळखणार?

मेजर : हाच नंबर का?

लुबोश : गिऱ्हाइकानं सांगितला. फोटोपण दिला. हा बघा, शहाऐंशीचा. चालक झाकणातून डोकं बाहेर काढून सफरचंद खातोय. ज्यानं काढला त्याचा अंगठा भिंगावर आलाय, म्हणून वरचं सगळं छत काळं. पण चेहरा काय छान आलाय.

मेजर : सफरचंद नाही ते.

लुबोश : अं?

मेजर : कांदा. कच्चा कांदा सफरचंदासारखा खायचा तो. गाडीच्या पुढच्या खोलीत दोनच जागा. एक त्याची, एक माझी. दोन वर्षं मी त्या वासात बसलो.

लुबोश : म्हणजे तुमचाच चालक! आणि मी मूर्ख, तीन महिने पुस्तकं चाळत बसलो. मग ही एवढी एकच शंका सोडवा, साहेब. छत फोटोत दिसत नाही. प्रवासात तोफेची नळी हलू नये म्हणून छतावर जी कडी असते, ती मी पुस्तकातल्या चित्राप्रमाणे लावलीय. बंद, जशी हवी तशी. बरोबर आहे ना?

मेजर : बॅटरी कुठे आहे?

लुबोश : तुमच्या हातात.

मेजर : हं.

लुबोश : तिसऱ्यांदा उजेड मारताय. काही चुकलंय?

मेजर : नाही.

लुबोश : वाकडी बसलीय का?

मेजर : चालेल.

लुबोश : ...काय म्हणालात?

मेजर : काही नाही.

लुबोश : मेजरसाहेब, तुम्ही आत्ता 'चालेल' म्हणालात. बसा तुम्ही. रक्तदाबाची गोळी घेतली होती का सकाळी?

मेजर : लुबोश, माझं ऐक. नंबर बदल. कुठलाही टाक. किंवा असं कर, परदेशी पाठवलेल्या गाड्यांची आवृत्ती कर. वाळवंटी रंग. आपल्याकडे ती कुणीच केलेली नाही. रविवारी मधल्या टेबलावर ठेवू.

लुबोश : तीन महिने हिरव्याचे चार थर दिलेत, आणि आता वाळवंट? त्या पोरीला काय सांगू, तुझ्या वडिलांची गाडी लिबियाला पाठवली?

मेजर : कुणाच्या वडिलांची?

लुबोश : ब्लांका मारकोवा. चौदा नंबरची बस चालवते ती. शेवटची म्हातारी टेकल्याशिवाय बस हलवत नाही, म्हणून चौदा नंबर कायम उशिरा. हा कांदेवाला तिचा बाप. सरावात गेला, तेव्हा ही पाळण्यात होती. रविवारी बराकीच्या भिंतीवर सेवेत असताना वारलेल्यांच्या नावांची पाटी लागणार ना, तुमच्याच समितीची? तीत त्याचं नाव नाही म्हणे. मला म्हणाली, काका, नाव नाही तर नाही, त्याची गाडी तरी त्या खोलीत असू दे. ही बेल वाजली बघा. तिचीच असणार, काम संपलं की येते म्हणाली होती.

मेजर : मी निघतो.

लुबोश : निघता कसले, दार एकच आहे. ये गं, ये. पाय पुसू नकोस, चिखल आम्हाला हवाच आहे. काळा असला तर.

ब्लांका : लुबोशकाका, आईनं खसखशीचे गोड पाव दिलेत, कोलाच. गरम आहेत. नमस्कार.

लुबोश : हे मेजर स्लाविक.

ब्लांका : ओळखलं. समितीच्या नकाराच्या पत्राखाली यांचीच सही होती.

मेजर : बाई, समितीला चौकशीच्या अहवालाबाहेर जाता येत नाही. ज्यांचा मृत्यू स्वतःच्या...

ब्लांका : 'स्वतःच्या बेशिस्तीमुळे.' पाठ आहे मला. 'चालक सार्जंट वेंडेलीन मारेक आज्ञेविना छतावर चढला.' आमच्या घरात ही ओळ लहानपणी कवितेसारखी पाठ झाली. भांडायला नाही आले मी, साहेब. गाडी बघायला आले.

लुबोश : ही बघ. मधली नळी, दोन्हीकडे बुरुजाचे दोन भाग, आणि पुढे ही खोली. हे तुझे बाबा. कांदा... म्हणजे, हातात कांदा करायचा राहिलाय.

ब्लांका : कांद्याचं तुम्हाला कुणी सांगितलं?

लुबोश : यांनी.

ब्लांका : आई अजून त्यावरून हसते. लग्नात म्हणे वधूपक्षाकडे भुवया उडाल्या होत्या. साहेब, तुम्ही त्यांच्या शेजारी बसायचात ना? मग एक विचारू? मी पत्रातून विचारलं होतं, तुम्ही तेवढ्याचं उत्तर दिलं नाही.

मेजर : विचारा.

ब्लांका : मीही चालकच आहे. सतरा वर्षं झाली. कारण असल्याशिवाय चालक आपली जागा सोडत नाही. आणि बाबा कसे होते? आई सांगते, ताटात दुसरा उकडीचा गोळा हवा असला तरी 'घेऊ का' म्हणून विचारायचे. स्वतःच्या घरात. असा माणूस न विचारता छतावर कशाला चढेल? वर होतं काय एवढं?

लुबोश : वर तर ही फक्त कडी आहे गं. बंद.

ब्लांका : कडी उघडायला चढावं लागतं?

लुबोश : पुस्तकात तरी तसं काही नाही. नाही ना, साहेब?

मेजर : लुबोश, बारीक तार आहे तुझ्याकडे? तांब्याची. केसाहून थोडी जाड.

(लुबोश पुढे कितीतरी दिवस सांगत असे, की तार त्यांच्या समोरच, भिंगाच्या शेजारी पडली होती आणि मेजरसाहेब ती सगळ्या टेबलावर शोधत होते. रिव्हेट मोजणारा तो माणूस दोनदा तिच्यावरून हात फिरवून गेला.)

लुबोश : ही घ्या. पण करायचंय काय?

मेजर : ही कडी चुकली आहे.

लुबोश : आत्ता तर तुम्ही म्हणालात...

मेजर : काय म्हणालो ते मला माहीत आहे. चिमटा दे. कडीचा खिळा त्या सरावाच्या तीन आठवडे आधी तुटला होता. हा इथला. कापून टाक.

लुबोश : कापला.

मेजर : नवा खिळा मागवायचा तर गाडी कार्यशाळेत उभी राहिली असती, आणि सरावाला तुकडीत एक गाडी कमी. म्हणून नळी तारेनं बांधली. हे असे तीन वेढे. टोक डावीकडे पिळलेलं, कारण तो डावखुरा होता. तार बांधायला आणि सोडायला दर वेळी एकाला छतावर चढावं लागायचं.

ब्लांका : बाबांना.

मेजर : त्यांना. त्या दिवशी थांबल्यापासून पहिल्या गोळ्यापर्यंत दोन मिनिटांची मुदत होती. वरचे साहेब घड्याळ घेऊन उभे होते. मी मारेकला म्हटलं, जा, सोड. तो चढला. मी माझ्या झाकणातून घड्याळवाल्या साहेबांकडे बघत होतो. छतावर त्याचे बूट थांबल्यासारखे वाटले. मला वाटलं, उतरला. मी बुरुजातल्या माणसाला आवाज दिला, मोकळी आहे, फिरव.

लुबोश : साहेब, पाणी घ्या.

मेजर : नको. तार सुटली होती. त्यानं काम केलं होतं. बुरुज फिरला तेव्हा तो फक्त उतरायचा होता.

ब्लांका : आणि अहवाल?

मेजर : संध्याकाळी माझ्यापुढे ठेवला. टंकलेला, तयार. कडीबद्दल एक शब्द नाही. मी सत्तावीस वर्षांचा होतो. हे कारण म्हणून सांगत नाही. वय सांगतोय. मी सही केली.

ब्लांका : तारेवर चालवायचं, हे कुणी ठरवलं?

मेजर : त्यानं मला विचारलं होतं. तुमची आई म्हणते तसंच. आदल्या संध्याकाळी बांधलेली तार दाखवायला घेऊन गेला. म्हणाला, लेफ्टनंटसाहेब, मला हे बरं दिसत नाही. कार्यशाळेला कळवायचं, की असंच चालेल?

ब्लांका : मग?

मेजर : मी म्हणालो, चालेल.

लुबोश : देवा.

ब्लांका : काका, तुम्ही गप्प बसा जरा.

लुबोश : बसलो.

ब्लांका : एकोणचाळीस वर्षं आई त्यांच्यावर रागावलेली आहे. तुम्हाला कळतंय का, साहेब? मेल्याचं दुःख वेगळं. ती रागावलीय. पाळण्यातली पोर घरात असताना हा बाबा नको तिथे चढला कशाला, म्हणून. त्यांच्या वाढदिवसाला केक करते आणि त्या फोटोशी भांडते.

मेजर : मी समितीला आज लिहून देतो. पाटी कोरून झालीय, पण अजून भिंतीवर चढलेली नाही. अहवालाबद्दलही लिहीन, जिथे लिहायचं तिथे. सहीनिशी. रविवारी हॉलमध्ये जुने लोक येतील. ही तार बघतील. विचारतील. मी या टेबलापाशी उभा असेन.

ब्लांका : ते तुमचं तुम्ही करा. रविवारला अजून दोन दिवस आहेत. आई चारच्या सुमाराला जागी असते. आज.

मेजर : मी... आज?

ब्लांका : मी सांगितलं तर तिला वाटेल, पोरगी बापाची बाजू घेते. लहानपणापासून घेतेय. तुम्ही सांगा. तारेसकट. काका, गाडी आत्ता नेता येईल?

लुबोश : नंबर चिकटवायचाय. कांदा व्हायचाय. चिखल तर सगळाच चुकलाय.

ब्लांका : साहेब?

मेजर : नंबर लाव. बाकी परत आणल्यावर करू. कांदा मी करीन.

लुबोश : थांबा... हा बसला. तीन, एक, सहा. खोक्यात कापूस घातलाय. आडवं धरू नका, नळी नाजूक आहे. कोलाच घेऊन जा दोन, तिच्या घरचेच आहेत, पण रिकाम्या पोटी जाऊ नका. ब्लांका, जिन्याचा दिवा गेलाय, पुढे हो. साहेब, डावीकडे कठडा आहे. मी येऊ का बरोबर?

मेजर : नको. तू तिथे नव्हतास.

लुबोश : तो क्लबातल्या पाटीचा नियम... ती बिअर... सोडा, मी काय बोलतोय.

मेजर : नाही. द्यायची आहे. सगळ्यांना. आणि त्या दंतवैद्याला बोलाव. त्याला त्याची गाडी घेऊन येऊ दे.

लुबोश : पाच रिव्हेट कमी असलेली?

मेजर : ते पाच मी त्याच्याबरोबर बसून लावीन. बाई, ही रस्त्यावर उभी आहे ती तुमची गाडी?

ब्लांका : हीच. दार जरा ओढून लावावं लागतं.

मेजर : मी कुठे बसू? मागे?

ब्लांका : त्यांच्याबरोबर कुठे बसायचात?

मेजर : शेजारी.

ब्लांका : मग शेजारीच बसा. खोकं मांडीवर घ्या.

मेजर : घेतलं. निघू या.

ब्लांका : पट्टा लावा आधी, साहेब. माणूस नीट बसलाय हे बघितल्याशिवाय मी गाडी हलवत नाही.