बाथटबवरची दोरी

व्हिएन्नाचं नाव काढलं की सुधीर चहाच्या कपात बघतो, पाहा! तिथे कॉन्फरन्सला त्याच्या रियाधच्या सौदी बॉसने त्याला आणि मेधावहिनींना नेलं होतं. हॉटेल म्हणजे जुना राजवाडाच.

वहिनींनी कुर्ता धुतला आणि बाथटबवरच्या दोरीवर टाकला. लगेच दारात हॉटेलचे काळ्या कोटातले तिघे धावत हजर!

"मॅडम, ही मदतीच्या घंटेची दोरी आहे. कपड्यांची नव्हे."

सुधीर पुटपुटला, "मेधा, बॉस शेजारच्याच खोलीत आहे. आता माझी नोकरी खलास!"

तेवढ्यात शेजारचं दार उघडलं. बॉस बाहेर आला, हातात पिळलेले मोजे.

"बरं झालं, आधीच कळलं," तो म्हणाला. "मीही आता माझ्या बाथटबवरच्या दोरीवर हेच टाकणार होतो."