ऋतुजाच्या काकांना सांगितलेला स्कोअर

गेल्या हिवाळ्यातल्या स्पर्धेच्या तिसऱ्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमारास, मला माझ्याच कोर्टावरून बाहेर काढलं. कानात इयरफोन होता, मी फोनवर स्कोअर सांगत होतो, हे खरं आहे, तेव्हाच कबूल केलं.

मी मूळ खडवलीचा. बाळकुमच्या ह्या कॉम्प्लेक्समध्ये बागकामाला आलेलो, मग क्लबवाल्यांनी मातीचं टेनिस कोर्ट केलं तेव्हा म्हणाले, बबन, तुला मातीतलं कळतं, तूच बघ. चौदा वर्षं झाली. सकाळी पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, लायनी झाडायच्या. गावाला पण मातीच सारखी करायचो, फक्त इथे काही उगवू द्यायचं नाही, काय सांगू तुम्हाला, पहिल्या वर्षी मला त्याचंच हसू यायचं.

तर स्पर्धेत डोंबिवलीची ऋतुजा खेळत होती, असेल सतरा-अठराची. आदल्या दिवशी गेटबाहेर चहा पिताना एक टोपीवाला भेटला. म्हणाला, मामा, ऋतुजाचे काका दुबईला असतात, फार जीव आहे पोरीवर, उद्या त्यांना फोनवर सांगत राहाल का, पॉइंट झाला की लगेच, तिचा का समोरचीचा एवढंच. मी म्हटलं, स्कोअर मोबाइलवर येतो की. तर म्हणे उशिरा येतो हो, काकांना धीर निघत नाही. मला पटलं. माझा भाऊ कुस्ती खेळायचा तेव्हा आई पण अशीच, आखाड्याजवळ जायची नाही, पण कोणीतरी पळत येऊन सांगायला पाहिजे. त्याने पैसे पुढे केले, मी घेतले नाहीत. घरचं काम आहे म्हटलं.

मग मी सांगत बसलो. ऋतुजाचा, समोरचीचा, ऋतुजाचा. पलीकडून नुसतं हं. मधेच सांगायचो, काका, आज सर्व्हिस मस्त बसतेय, ऊन जरा जास्त आहे. तरी हं. दुसऱ्या सेटमध्ये तिचा पाय मुरगळला, बसलीच खाली. मी म्हटलं, काका, पोरगी पडली.

पॉइंट कोणाचा?

अहो, पडलीय ती.

पॉइंट कोणाचा ते बोल.

काका असता तर लागलं का विचारलं असतं ना. तेवढ्यात स्पर्धेचे साहेब मागून आले, फोन मागितला. त्यांनीच मग समजावलं, ह्या मॅचवर ऑनलाइन सट्टा चालतो, ज्याला पॉइंट आधी कळला तो आधी लावतो, चार-पाच सेकंदांचा खेळ. मी विचारलं, डोंबिवलीच्या पोरीवर कोण लावतं? म्हणाले, कुठूनही. मी म्हटलं, साहेब, चार-पाच सेकंदांत माझा झाडू पण उचलून होत नाही. ते हसले नाहीत. नोकरी राहिली, पण मॅच चालू असताना गेटच्या आत यायचं नाही असं लिहून घेतलं. टोपीवाला परत दिसला नाही. तो नंबर लागत नाही.

गेल्या आठवड्यात परत स्पर्धा होती. सकाळी कोर्ट तयार करून दिलं आणि चहाच्या टपरीवर येऊन थांबलो. शेजारी एक गृहस्थ, हातातल्या चहावर साय धरलेली. बोलताना कळलं, ते ऋतुजाचे वडील. म्हणाले, मला बघवत नाही हो, मी नेहमी इथेच थांबतो, मागे ती पडली ते पण मला ती बाहेर आल्यावर कळलं. मी विचारलं, दुबईला तिचे काका असतात ना? म्हणाले, मला भाऊच नाही.

मग आम्ही दोघं भिंतीपलीकडचा बॉलचा आवाज ऐकत राहिलो. आवाज थांबला, टाळ्या वाजल्या. थोड्या वेळाने ऋतुजा गेटातून बाहेर आली. पायाला पट्टा होता. नीट चालत आली.